तीन दासींची साक्ष

गेल्या वर्षी गोव्याला जाण्याचा योग आला, तेव्हा जुन्या गोव्यातील टेकडीवरच्या रोझरी चर्चमध्ये मी थोडा वेळ थांबले. बहुतेक प्रवासी सेंट झेवियरचे दर्शन घेऊन परततात. इकडे फारसे कोणी फिरकत नाही. तेथे कातारीना आ पिरो नावाच्या बाईचे नक्षीदार स्मारक आहे. १५४८-४९ मध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर असलेल्या गार्सिया द सा याची ही पत्नी. त्याचेही थडगे तेथेच आहे. आईबापांची नावे अशी दगडावर कोरलेली राहिली. त्यांची मुलगी लिओनोर मात्र आफ्रिकेच्या वाळूत पुरली गेली. तिचा अंत कसा झाला हे जगाला कळले ते तीन दासींमुळे. त्यांची हकीकत आपल्या भगिनींना सांगावी म्हणून हा लेख लिहीत आहे.

लिओनोरचे पती मानुएल द सोझा सेपुल्व्हेदा हे बडे सरदार. ३ फेब्रुवारी १५५२ रोजी बायकामुलांसह त्यांनी कोचीनहून पोर्तुगालकडे प्रयाण केले. जहाजाचे नाव ‘सांव जुआंव’. गोव्यात जून महिन्यात विहिरीत उड्या मारून ज्या संताचा सण साजरा करतात, त्याचेच हे नाव. निघायलाच उशीर झाला होता. त्या काळी शिडाची जहाजे नववर्षाच्या सुमारास निघत, म्हणजे आफ्रिकेचे दक्षिण टोक तिकडचा हिवाळा सुरू होण्यापूर्वी ओलांडता येई. पण मलबारात लढाया चालू असल्याने मिरी मिळेना, आणि मिरीवाचून कोण निघतो! शेवटी जहाज इतके ठासून भरले की लग्नसराईतली एस.टी.च आठवावी. शिडे मात्र जुनी, जीर्ण. बदली जोड नव्हती. सुकाणूचे काही लोखंडी खिळे निखळलेले होते, आणि ते एकदोघांनाच ठाऊक होते. वादळाचा दोष समुद्राला द्यावा. या गोष्टींचा कोणाला द्यायचा?

मे महिन्यात केप ऑफ गुड होपजवळ वाऱ्याने गाठलेच. शिडे फाटली, डोलकाठी गेली, सुकाणू मोडले. हाती लागेल त्या कापडाची शिडे करून जहाज मागे फिरले आणि जूनमध्ये नाताळच्या किनाऱ्याला लागले. लिओनोर व मुले होडीतून आधीच उतरली होती. पुढे होडी फुटली, मग जहाजही फुटले आणि शंभरावर माणसे बुडाली. फळ्यांतून लहान गलबत बांधण्याचा बेत होता, पण लाटांनी कामाचा तुकडाच शिल्लक ठेवला नाही. दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एडवर्ड येथे वाळूत चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि अकीकाचे मणी सापडले आहेत. हीच ती जागा, असे संशोधक मानतात.

सुमारे पाचशे माणसे उरली, त्यांत निम्म्याहून अधिक गुलाम. उत्तरेकडे, आज जेथे मापुतो शहर आहे त्या उपसागरात, हस्तिदंताच्या व्यापारासाठी मोझांबिकहून पोर्तुगीज जहाज येत असे. तेथवर चालत जायचे ठरले. ७ जुलैला तांडा निघाला. लिओनोरला प्रथम डोलीत बसवले होते, पण लवकरच डोली वाहणारेच उरले नाहीत, आणि लाडाकोडात वाढलेली ती स्त्री दोन लहान मुलांसह पायी चालू लागली. पाण्याचे एक लहानसे भांडे दहा सोन्याच्या नाण्यांना विकले जाऊ लागले. सरदारांचा अनौरस मुलगा, दहा वर्षांचा, एका गुलामाच्या पाठीवर होता. दोघेही भुकेने मागे राहिले. परत जाऊन त्यांना आणणाऱ्यास पाचशे नाणी देऊ केली, पण अंधार व श्वापदांच्या भयाने कोणी गेले नाही. पाठीवरचे ओझे टाकून तो गुलाम एकटा चालत आला असता तर कदाचित वाचला असता, असे मला वाटते.

उपसागराजवळ एका स्थानिक राजाने त्यांना प्रेमाने ठेवून घेतले. पुढचा राजा दगा देईल, येथेच जहाजाची वाट पाहा, असे परोपरीने सांगितले. त्यांनी ऐकले नाही. पुढच्या राजाने गोड बोलून शस्त्रे मागितली. शस्त्रे दिली की आपण संपलो, असे लिओनोरने बजावले होते. पण पतीचे मन तोवर ताळ्यावर नव्हते, आणि शस्त्रे दिली गेली. मग लूट झाली. अंगावरची वस्त्रेही गेली. तिने झुंजून प्रतिकार केला. अखेर वाळूत खड्डा करून कमरेपर्यंत स्वतःला गाडून घेतले, केस अंगावर पसरले आणि ती पुन्हा उठली नाही. सरदार रानात फळे शोधायला जात. एकदा परतले तो एक मूल गेलेले. दुसऱ्या दिवशी परतले तो पत्नी व दुसरे मूलही गेलेले, भोवती पाच दासी रडत होत्या. ते बराच वेळ गालाला हात लावून बसले. मग दासींच्या मदतीने वाळू उकरून दोघांना पुरले आणि एक शब्दही न बोलता रानात निघून गेले. पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

पोर्तुगीज महाकवी कामोंइश याने ‘लुझियाद’ या १५७२ च्या महाकाव्यात हा प्रसंग आणला आहे. तेथे पतिपत्नी एकमेकांच्या मिठीत प्राण सोडतात. दासी त्या प्रसंगात नाहीत. कवीला ते शोभले असेल, पण मला वाळू उकरणारे ते हात अधिक खरे वाटतात.

हस्तिदंताचे जहाज अखेर आले. उरलेल्यांना त्याने थोड्याशा मण्यांच्या मोबदल्यात सोडवले. २५ मे १५५३ रोजी पंचवीस माणसे मोझांबिकला पोचली: आठ पोर्तुगीज, चौदा गुलाम आणि पाच दासींपैकी तिघी. त्या तिघी पुढे गोव्याला आल्या आणि डोळ्यांदेखत जे घडले ते त्यांनी सांगितले. या साऱ्या घटनेचा कोणी पोर्तुगीजाने वृत्तांत लिहिला, तो लिस्बनला छापला गेला आणि १७३५ च्या सुमारास जहाजांच्या अपघातांच्या मोठ्या संग्रहात पहिला म्हणून आला. त्यात सरदारांची, राजांची नावे आहेत. या तिघींची नावे मात्र विचारून लिहून घ्यावीत, असे कोणाला सुचले नाही.