इनटेक मॅनिफोल्डमधील दाब : आकडे कसे वाचावेत?

पावसाळ्यात पौड, मुळशी धरणमार्गे ताम्हिणी घाटाकडे निघण्यापूर्वी अनेक जण मोटार तपासून घेतात. 'व्हॅक्यूम कमी आहे' असे गॅरेजमध्ये सांगितले गेल्यास तो दोष इंजिनाचा की केवळ उंचीचा परिणाम, हे ओळखता आले पाहिजे.

सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या संचास इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असताना पिस्टन हवा ओढत राहतात. त्यामुळे मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी होतो. स्कॅनरवर मॅप सेन्सरचा निरपेक्ष दाब किलोपास्कलमध्ये दिसतो. व्हॅक्यूम गेज मात्र तो बाहेरच्या दाबापेक्षा किती कमी आहे, हे पाऱ्याच्या इंचांत दाखवतो. साहजिकच, एक आकडा वाढला की दुसरा घटतो.

समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात तो ९५च्या आसपास असतो. मुळशी धरणाचा परिसर त्याहूनही थोडा उंच आहे. किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता स्कॅनरने साधारण हाच आकडा दाखवला पाहिजे. आयडलिंगला निरपेक्ष दाब ३५ असेल, तर गेज समुद्रकाठी साडेएकोणीस इंच दाखवील, पुण्यात मात्र अठराहून किंचित कमी. हा फरक म्हणजे बिघाड नव्हे.

काटा स्थिर, पण याहूनही बराच खाली असेल, तर फाटलेली नळी, गळके गॅस्केट किंवा इग्निशनच्या टायमिंगची शंका घ्यावी. ठरावीक अंतराने झटके बसत असतील, तर व्हॉल्व्ह तपासावेत.

घाट उतरताना हेच ज्ञान जीव वाचवू शकते. पेट्रोल मोटारींत ब्रेक बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी बहुधा मॅनिफोल्डमधूनच मिळते. इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद केल्यास काही वेळा ब्रेक दाबताच ती संपते आणि पेडल जड होते. उलट, गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडल्यास निरपेक्ष दाब आयडलिंगपेक्षाही खाली जातो, बूस्टरला भरपूर व्हॅक्यूम मिळतो आणि फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात इंधनपुरवठाही सहसा थांबतो. म्हणजे इंजिन बंद करून वाचत काहीच नाही. धोका तेवढा वाढतो.

डिझेल व टर्बो इंजिनांचे आकडे वेगळे असतात. त्यांना हे निकष लावू नयेत.