माहीमच्या खाडीवरील सरहद्द

शेजारच्या दोन देशांत सीमेवर चकमक झाल्याचे वृत्त आले, की आपली दृष्टी हिमालयाकडे वळते. परंतु आपले अंधेरी, बोरिवली, मुलुंड हेही एके काळी असेच सीमाभागात होते, याचे स्मरण ज्ञातिबांधवांस करून द्यावे, असे आम्हांस वाटते.

ही गावे साष्टीतील. १६६५ साली मुंबई इंग्रजांच्या हाती गेली. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. मध्ये माहीमची खाडी हीच सरहद्द. ठाण्यास पोर्तुगीज जकात घेत, व त्यावरून उभयतांत वारंवार कलह होत. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि खाडीपलीकडचा शेजारी बदलला. मराठ्यांच्या धास्तीने मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये देऊन कोटाभोवती खंदक खणविला. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्यावर हल्ला करून साष्टी घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली.

म्हणजे १७३० साली अंधेरीस जन्मलेल्या मुलाने पंचेचाळिशीच्या आत तीन अंमल पाहिले. शेत तेच, विहीर तीच. सारा घेणारा मात्र तिसरा. दप्तरांत सेनापतींची नावे आहेत. त्या शेतकऱ्याचे नाव तेथे सहसा सापडत नाही. ते उरलेच तर घराघरांतील आठवणींत. म्हणून आमची विनंती एवढीच, की वृद्धांच्या तोंडून गावच्या गोष्टी ऐकून त्या वेळीच लिहून ठेवाव्या.