चोळी-बांगडीचा इतिहास

मराठी घरात बांगडी फुटत नाही, ती 'वाढते'. करंड्यातले कुंकू संपले तर तेही 'वाढते', आणि मंगळसूत्राचा दोरा तुटला तरी ते 'वाढले' असेच म्हणायचे. दुकान बंद करतानाही आपण ते 'वाढवतो'. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून भाषेने केलेली ही तजवीज आहे. पण या तजविजीला एक अपवाद होता. नवरा गेला त्या दिवशी बायकोच्या हातातल्या बांगड्या 'वाढत' नसत. त्या 'फोडल्या' जात. कुंकू 'पुसले' जाई. रोजच्या बोलण्यात जपून वापरलेली क्रियापदे त्या दिवशी गळून पडत. बांगडी, कुंकू, रंगीत लुगडे यांचा इतिहास लिहायचा तर या दोन क्रियापदांमधले अंतर मोजावे लागते. एकीकडे रोजच्या जगण्यातला साधा, स्वस्त, रंगीत आनंद; दुसरीकडे तो कोणाला घेऊ द्यायचा आणि कोणाकडून काढून घ्यायचा याचा समाजाने राखलेला अधिकार.

हा आनंद किती जुना आहे, याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. इटलीतील पाँपेई शहर इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. तेथे 1938 साली हस्तिदंताची एक छोटी भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, पण मनगटापासून वरपर्यंत हात कंकणांनी भरलेले आहेत. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, दख्खनच्या कारागिराला सुंदर स्त्रीची कल्पना भरल्या हातांवाचून करता येत नव्हती. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 साली ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. तेथे आणि दख्खनमधील अन्य स्थळी बहामनी काळातील रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले आहेत. राजे बदलले, राज्याची भाषा बदलली, पण बाईच्या हातातली काच किणकिणत राहिली.

ही काच घरोघर पोचवणारा माणूस म्हणजे कासार. काही गावांत हेच काम मुसलमान मणेर करीत. परपुरुषाने हात हातात घ्यावा, आणि तोही घरातल्या वडीलधाऱ्यांसमक्ष, अशी मुभा जुन्या मराठी समाजात फार थोड्यांना होती. कासार आणि मणेर त्यांतले. ओसरीवर पेटी उघडली की आळीतल्या बायका जमत. कासार हाताचा अंदाज घेई, अंगठ्याखालचा मऊ भाग दाबून पंजा निमुळता करी आणि एकेक बांगडी हलकेच वर सरकवी. याला मराठीत 'बांगड्या भरणे' म्हणतात, 'घालणे' नव्हे. हात रिकामा असणे ही उणीव आणि भरणे ही पूर्तता, हा सगळा अर्थ त्या एका क्रियापदात आहे. लग्नातला हिरवा चुडा, डोहाळजेवणाच्या बांगड्या, माहेरून परतताना भरलेला हात, अशी बाईच्या आयुष्याची वळणे या काचेवरून मोजली जात. भावाने बहिणीला द्यावयाच्या भेटीचे नावच 'चोळी-बांगडी'. मराठेशाहीत राजघराण्यातील व सरदारघराण्यांतील स्त्रियांच्या खासगी खर्चासाठी नेमून दिलेल्या उत्पन्नालाही चोळी-बांगडीचेच नाव होते. स्त्रीचा स्वतःचा म्हणता येईल असा पैसा दप्तरात नोंदला गेला तो या दोन वस्तूंच्या नावाने, ही गोष्ट लहान नाही.

हैदराबादकर वाचकांना चारमिनारच्या सावलीतला लाड बाजार वेगळा सांगायला नको. चारमिनार 1591 चा. त्याच्या पश्चिमेच्या या रस्त्यावर लाखेच्या बांगड्यांची दुकाने ओळीने आहेत. लाख हा झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या बारीक किड्यांचा राळेसारखा स्राव. कारागीर ती निखाऱ्यावर मऊ करतो, रंग मिसळतो, पाट्यावर लांब वळतो, वाटोळी करून टोके जोडतो आणि गरम असतानाच तिच्यात चमकते खडे एकेक करून बसवतो. खड्यांची ओळ चुकली तर थंड झाल्यावर दुरुस्ती अवघड. 2024 साली या बांगड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. निजामी राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतून हैदराबादेस गेलेला माणूस परतताना घरच्यांसाठी काय आणी, या प्रश्नाचे एक उत्तर पिढ्यान्‌पिढ्या याच रस्त्यावर मिळत आले आहे.

बांगडीसारखीच चोळीची गोष्ट. बेळगाव, विजापूर, धारवाडच्या पट्ट्यात आजही खण म्हटले की गुळेदगुड आठवते आणि लुगडे म्हटले की इरकल. दोन्ही गावे आज बागलकोट जिल्ह्यात आहेत. विणकर बहुतेक कानडी बोलणारे, पण त्यांचे गिऱ्हाईक शतकानुशतके मराठी. इरकली लुगड्याचा पदर आणि अंग यांचे ताणे वेगळे असतात. अंगाचा ताणा एका रंगाचा, पदराचा लाल. दोन्हींची टोके एकमेकांत फासे घालून जोडली जातात आणि मग पुढचे विणकाम होते. तांबड्या पदरावर पांढऱ्या नक्षीचा तो टोपपदर कोणत्याही गर्दीत ओळखू येतो. बेळगावला लागून असलेले शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते आणि तेथील मागही याच परंपरेतले. सीमेचा वाद नकाशावर कसाही सुटो वा न सुटो, कानडी ताणा आणि मराठी पदर या लुगड्यात केव्हाच गुंफले गेले आहेत.

या लुगड्यांच्या रंगांची मराठी नावे मुद्दाम आठवून पाहावीत. लिंबू, श्रीखंडी, डाळिंबी, आमसुली, वांगी, अंजिरी; मोरपंखी, पोपटी; अबोली, गुलबक्षी; अस्मानी. यात राजवाड्यातले काही नाही. स्वयंपाकघर, परसदार आणि त्यावरचे आभाळ एवढ्यातून हे सारे रंग उचलले आहेत. ज्यांचा दिवस या तीन ठिकाणी जाई त्यांनी आपल्या जगाला दिलेली ही नावे आहेत. कुंकवाचेही तसेच. हळकुंडे टाकणखार आणि लिंबाच्या रसात भिजवून, वाळवून कुटली की पिवळ्या हळदीचे लाल कुंकू होते. वेगळा लाल रंग घालावा लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले केम गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. फणेरपेटीचे झाकण उघडायचे, आतल्या आरशात पाहून कपाळावर मेण लावायचे आणि त्यावर बोटाने कुंकू रेखायचे. दिवसभरात बाई स्वतःच्या चेहऱ्याकडे निवांत पाही ते बहुधा याच वेळी.

इथपर्यंतचा इतिहास आनंदाचा आहे. पण रंग स्वतःहून शुभ किंवा अशुभ नसतो, हेही याच इतिहासात दिसते. उत्तरेत विधवेचा वेष पांढरा. महाराष्ट्रातील ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवेला मिळे ते तांबडे आलवण. कुंकवाचा रंग लाल, शालूचा रंग लाल आणि आलवणही तांबडेच. एकच रंग एकीच्या कपाळी सौभाग्य म्हणून मिरवला आणि दुसरीच्या अंगावर शिक्षा म्हणून चढवला. तेव्हा प्रश्न रंगाचा नव्हताच. तो निवडण्याचा होता.

अहिल्याबाई होळकरांच्या चरित्रात हा विरोधाभास फार ठळक आहे. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी परावृत्त केले, हे सर्वश्रुत आहे. पुढे 1767 मध्ये राज्याची सूत्रे हाती आल्यावर त्यांनी महेश्वर ही राजधानी केली आणि बाहेरून कुशल विणकर आणून तेथे वसवले. किल्ल्याच्या दगडी नक्षीतल्या चटई, वीट, लाटा अशा आकृत्या लुगड्याच्या काठावर उतरल्या. दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा काठ ही महेश्वरीची खूण ठरली. परंपरेने आलेल्या चित्रांत अहिल्याबाई स्वतः मात्र शुभ्र, बिनकाठाच्या वस्त्रात दिसतात. रंगाचे माग उभे करणारी राणी स्वतः रंगाबाहेर राहिली. इंदूरच्या घरांत आजही महेश्वरी नेसली जाते तेव्हा ही आठवण तिच्या घडीत असते.

या प्रथेविरुद्ध मराठीत पहिल्यांदा सविस्तर लिहिले गेले तेही सीमाभागात जन्मलेल्या माणसाकडून. 1831 साली बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' 1857 मध्ये प्रसिद्ध झाले. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षीचा. पतीबरोबर प्रवास करणारी यमुना गावोगावच्या विधवांना भेटते आणि शेवटी तिच्यावरही तीच वेळ येते. 1882 मध्ये ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना'त विचारलेले प्रश्न आजही बोचतात: बायको मेलेल्या पुरुषाच्या अंगावरचे काय उतरते? 1889 मध्ये पंडिता रमाबाईंचे शारदा सदन निघाले. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांनी विधवांचे केस न कापण्याचा निर्धार केला. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी शारदा सदनातील गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. 1917 मध्ये शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याचा आधार दिला. केशवपन हळूहळू गेले, आलवण गेले. पण बांगड्या फोडणे राहिले. हळदीकुंकवाच्या दिवशी दाराआड उभी राहणारी काकू किंवा आत्या आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिलेली असते.

हे केवळ एका धर्माचे नव्हते. गोव्यात 1736 साली इन्क्विझिशनने फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्यांना अनेक जुन्या चालीरीतींसह धोतर आणि चोळीही मना केली. तरीही ख्रिस्ती घरांत वधूला मामाच्या घरी चुडा भरण्याची रीत टिकली. आणि नवऱ्याच्या शवपेटीवर तो चुडा फोडण्याची रीतही तिच्याबरोबर टिकली. वेदी बदलली, प्रार्थना बदलली. काच भरणारा हात आणि फोडणारा हात तेच राहिले.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. बांगड्या, कुंकू, मंगळसूत्र ही दास्याची चिन्हे आहेत. ती विधवेला परत मिळवून देण्यापेक्षा सधवेनेही टाकावीत, असे मानणारा विचार आपल्याकडे आहे आणि त्यामागे अनुभव आहे. परंतु यात एक गल्लत होते. मंगळसूत्र आणि जोडवी लग्नात येतात, हे खरे. पण बांगडी, कुंकू, गजरा, रंगीत परकर हे सारे मुलीकडे पाळण्यापासून असते. ते नवऱ्याने दिलेले नसते. मग त्याच्या मृत्यूने ते जावे कसे? जे लग्नामुळे आलेच नाही, त्याची मालकी लग्नाकडे कोणी सोपवली? टाकण्याचा अधिकार मान्य करायचा तर ठेवण्याचाही करावा लागतो. कपाळ मोकळे ठेवणारी आणि कपाळावर कुंकू रेखणारी, दोघींना तो निर्णय आरशासमोर एकट्याने घेता आला पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर अलीकडे मिळाले ते एका खेड्याकडून. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. तेथील हेरवाड गावाने 4 मे 2022 रोजी ठराव केला की, पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात. दोनच दिवसांनी शाहू छत्रपतींच्या स्मृतीस शंभर वर्षे पूर्ण होत होती. ठरावामागे पाठपुरावा होता तो करमाळ्याच्या एका समाजसेवी मंडळाचा. ज्या तालुक्यातले केम गाव कुंकू बनवते, त्याच तालुक्यातून ते न पुसण्याचा आग्रह आला. 17 मे रोजी राज्य शासनाच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून अन्य ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्यास सांगितले. 1920 च्या परिषदेने इतिहासात नोंदले गेलेले माणगावही याच वाटेने गेले.

ठरावाने मन बदलत नाही, हे खरे. अंत्यसंस्काराच्या गर्दीत एखादी वडीलधारी बाई पुढे होते आणि सवयीने हात धरते, तेव्हा कागद दूर असतो. तिथे लागतो तो दुसरा एखादा हात, 'राहू द्या' म्हणणारा. तो हात घरातलाच असावा लागतो: जावेचा, मुलाचा, सासूचा.

आणि लागतो तो शब्दही. शुभ-अशुभाचा एवढा विचार करणाऱ्या आपल्या भाषेने तिच्यासाठी 'फोडणे' हे क्रियापद आता सोडून द्यावे. तिच्या हातची बांगडी कधीतरी वाढेलच, जशी सगळ्यांच्या हातची वाढते: भांडी घासताना, नातवाला उचलताना, दाराची कडी लावताना. मग कासाराकडे जाऊन तिनेही नवी भरावी, हव्या त्या रंगाची.