मिरची वाजली पाहिजे

आमच्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पाऊस पडतो तो मोजायचा नसतो, सोसायचा असतो. जून लागला की चार महिने ऊन म्हणून दिसत नाही. वाल मऊ पडतात, मिठाला पाणी सुटतं, चुलीतलं लाकूड नुसतं धुमसतं. अशा दिवसांत नागलीच्या भाकरीबरोबर काय खायचं, हा आमच्या घराघरातला जुना प्रश्न. त्याचं उत्तर आमची आजी माघ-फाल्गुनातच तयार करून ठेवायची. उत्तर म्हणजे काय, तर वाळवलेली लाल मिरची, वाळवलेला लसूण आणि खुरासणी.

मी शाळेत दहावीपर्यंत गेलो. इतिहासात जव्हारचं राज्य 1343 सालापासूनचं असं शिकलो. मुकणे राजांचं घराणं, पुढे 1948 साली संस्थान विलीन झालं, आम्ही ठाणे जिल्ह्यात गेलो आणि 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात आलो. पण एक गोष्ट कोणी शिकवली नाही, ती मला पुढे वाचताना कळली. जव्हारचे पहिले राजे गादीवर बसले तेव्हा या मुलखात मिरची नव्हतीच! मिरची अमेरिकेतली. कोलंबस तिकडे पोचला 1492 साली, आणि पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याला लागले 1498 साली. त्यांच्या गलबतांतून ती आली. वसई त्यांच्याकडे 1534 ला गेली, ती चिमाजीअप्पांनी 1739 ला घेतली. मधली दोनशे वर्षं ते आमच्या डोंगराच्या पायथ्यालाच होते म्हणायचं. त्याआधी तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं, मोहरी. लसूण मात्र मिरचीच्या कितीतरी आधीपासूनचा. म्हणजे आमच्या पाट्यावर लसूण घरचा म्हातारा आणि मिरची बाहेरून आलेली सून. पण सून अशी रुळली, की आता तिच्यावाचून घर चालत नाही.

आमच्या घरामागे मिरचीची पंधरा-वीस झाडं आणि लसणाचे दोन वाफे असायचे. भांडी घासलेलं पाणी त्यांना जायचं. मिरची पिकायला लागायची नेमकी तेव्हा, जेव्हा गाव रिकामं होत असे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली माणसं वीटभट्टीवर निघायची, भिवंडीकडे, वसईकडे. माझे आई-बापही जायचे. मागे आजी, मी आणि धाकटी बहीण. म्हणून वाळवणाचं सगळं काम आजीचं, आणि आम्ही दोघं तिचे गडी.

आजीची रीत ठरलेली. लालबुंद मिरच्या देठासकट तोडायच्या. आल्या आल्या उन्हात टाकायच्या नाहीत. एक रात्र गोणपाटाखाली ढीग करून ठेवायच्या, म्हणजे ज्या अर्ध्या हिरव्या असतील त्यांनाही रंग चढतो. मग सारवलेल्या अंगणात पातळ पसरायच्या, दुपारी हाताने उलथायच्या, आणि ऊन कललं की गोळा करून झाकायच्या. दव पडलं की मिरची आतून काळी पडते, वरून कळत नाही. असे दहा-बारा दिवस. चांगल्या दहा शेर मिरचीची वाळून जेमतेम तीन शेर व्हायची. आजी एक मिरची कानाशी धरून हलवायची. आत बी खुळखुळलं तर ठीक, नाही तर परत अंगणात.

"पोरा, मिरची वाजली पायजे. न वाजणारी मिरची आषाढात दगा देते," असं ती म्हणायची.

लसणाची तऱ्हा निराळी. पात पिवळी होऊन लवली की उपटायचा, माती झटकायची, पण धुवायचा नाही. उन्हात नाही, सावलीत पातीसकट सुकवायचा. मान कडक झाली की पातीची वेणी घालून चुलीवरच्या आडव्या बांबूला टांगायचा. धुराने त्याला कीड लागत नसे, कोंब येत नसे. थोडा लसूण सोलून, पातळ चिरून, सुपात उन्हात वाळवायची. कारण ओल्या लसणाची चटणी चार दिवस टिकते, वाळल्या लसणाची पावसाळा काढते. मिरची तव्यावर नुसती गरम करायची, खुरासणी भाजायची, खडे मीठ घालायचं आणि उखळात कांडायचं. कांडताना सगळं घर शिंकायचं. बाजारातून सुकट आणली असेल तर तीही भाजून त्यात.

शिमग्याला आई-बाप दोन दिवस घरी यायचे. परत निघताना आजी चटणीचं गाठोडं आईच्या हातात द्यायची. भट्टीवर आठवड्याला जी खर्ची मिळे, त्यात तांदूळ यायचा, भाजी नाही. ते गाठोडं हीच त्यांची भाजी. आई वर्षभरात रडताना दिसली ती त्या एका वेळी.

हे मी कौतुकाने लिहितोय, पण खोटं कौतुक नको. चटणी-भाकरीने पोट भरल्यासारखं वाटतं, अंगाला पुरत नाही. 1992-93 साली आमच्या तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने लहान पोरं गेली, सगळ्या महाराष्ट्रात बोभाटा झाला. तेव्हापासून कोणी शहरातला पाहुणा "तुमची साधी चटणी-भाकर किती छान" म्हणाला, की मला बोलावंसं वाटतं, बाबा रे, सोबत डाळ पण लागते.

माझ्या हातून एक चूक झाली ती सांगतो. आजी गेल्यावर काही वर्षांनी मी दुकानातून संकरित मिरचीचं बियाणं आणलं. फळ मोठं, जाड, वजनदार. हिरवी विकायला उत्तम. त्या नादात घरची झाडं काढून टाकली. आजी राख घालून भोपळ्यात बी ठेवायची, तो भोपळाही कुठे पडला कळलं नाही. उरलेली संकरित मिरची लाल झाल्यावर वाळत घातली. सालीने जाड, त्यामुळे पंधरा दिवस झाले तरी वाजेना. मी म्हटलं, होईल, आणि डब्यात भरली. आषाढात डबा उघडला तर सगळी बुरशी. आई तेव्हा होती. ती काही बोलली नाही, डबा उकिरड्यावर ओतून आली. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या वर्षी विकतचं तिखट खाल्लं. पुढे मोखाड्याकडे बहिणीच्या सासरी बोहाड्याला गेलो होतो. तिच्या परसात झाडं बघितली आणि ओळखली. बारीक, टोकदार, वर तोंड करून उभी मिरची. म्हटलं, "हे कुठून आणलंस गं?" तर म्हणाली, "दादा, लग्नात आजीनं पदराला बांधून दिलं होतं. तुला नाय का दिलं?"

मला कशाला देईल? मी घरातच होतो. माझ्यापाशी ते असणारच, असं तिला वाटलं असेल.

मूठभर बी घेऊन आलो. आता नातवंडं प्लास्टिकच्या ताडपत्रीवर मिरची पसरतात. मी एवढंच सांगतो, खालून घाम धरतो, रोज उलथा. आणि भरायच्या आधी एक मिरची कानाशी धरा.