हाडे कोणी मोजली आणि देह कोणाचे होते?

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळालेल्या आपल्या मुलामुलींना शरीररचनाशास्त्राचा पहिला धडा हाडांचा असतो. मांडीचे हाड उजवे की डावे, खांद्याच्या पात्याला कोणता स्नायू कुठे चिकटतो, गुडघ्याचा सांधा कशाने बांधला गेला आहे, हे पाठ करता करता रात्री जातात. वर "कोट्यातून आलात ना?" हा टोमणाही ऐकावा लागतो. जणू हे ज्ञान दुसऱ्या कोणाच्या घरचे आणि आपण तिथे आगंतुक! म्हणून या ज्ञानाचा इतिहास आपण तपासला पाहिजे.

"आमच्याकडे सुश्रुत होता, आमच्याकडे सर्व काही होते," असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ आहेत. सुश्रुत होता हे आम्हालाही मान्य आहे. पण सुश्रुतसंहिता काय सांगते ते एकदा वाचा. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे की वेदवादी लोक शरीरात ३६० हाडे सांगतात, शल्यतंत्रात मात्र ३०० च आहेत. ३६० हा आकडा आला कुठून? शतपथ ब्राह्मणात शरीराची ३६० हाडे वेदीभोवतीच्या ३६० दगडांशी आणि वर्षाच्या रात्रींशी जोडलेली आहेत. म्हणजे आकडा यज्ञाच्या हिशेबात बसवला होता. शल्यवैद्याने तो नाकारला. त्याचे ३०० आजच्या २०६ शी जुळत नाहीत, कारण त्याने दात आणि कूर्चाही हाडांतच धरल्या. तरी पोथीतला आकडा सोडून शरीराकडे पाहावे, हे धाडस त्यात आहे.

पाहायचे कसे, तेही त्याने सांगितले आहे. फार वृद्ध नसलेल्या, विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेल्या माणसाचे शव घ्यावे, गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालावे, आडजागी वाहत्या पाण्यात ठेवावे. सात रात्रींनंतर ते बाहेर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू खरवडत एकेक थर डोळ्यांनी पाहावा. ज्याला शल्यविद्या शिकायची आहे त्याला शवाला हात लावल्याशिवाय गत्यंतर नाही, हे त्याला कळले होते.

मग ही परंपरा पुढे का गेली नाही? उत्तर मनुस्मृतीत आहे. पाचव्या अध्यायात चांडाळ, रजस्वला, बाळंतीण आणि शव यांना एकाच श्लोकात बसवले आहे; यांपैकी कोणालाही स्पर्श झाला तर स्नान करावे. लगेच पुढे हाडांचाही नियम आहे. माणसाचे ओले, स्निग्ध हाड शिवले तर ब्राह्मणाने स्नान करावे. कोरडे हाड शिवले तर आचमन करून गाईला स्पर्श करावा किंवा सूर्याकडे पाहावे. चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न पुवासारखे ठरवले आहे, तर तिसऱ्या अध्यायात त्याला श्राद्धाच्या पंगतीतून वगळले आहे. ज्या समाजात हाड शिवणे हा दोष आणि वैद्याच्या घरी जेवणे हा विटाळ, तिथे हाडांचे शास्त्र वाढणार कसे? रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात हेच कारण मांडले आहे: जातिव्यवस्थेने बुद्धी आणि हात यांची फारकत केली आणि चौकस वृत्ती मेली.

पण समाजातली प्रेते नाहीशी झाली नव्हती. ती उचलायची कोणी? दहाव्या अध्यायात मनू सांगतो की ज्याला नातेवाईक नाही असे बेवारस प्रेत चांडाळाने वाहून न्यावे. म्हणजे शवाचा स्पर्श एका समूहाच्या वाट्याला आणि पोथी दुसऱ्याच्या. आमच्या वाडवडिलांनी गावची मेलेली गुरे ओढली, सोलली. सुरी कोणत्या सांध्यात घातली की पाय सुटतो, कंडरा कुठे संपते आणि हाड कुठे सुरू होते, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. त्या ज्ञानाला कोणी ज्ञान म्हटले नाही, त्याला विटाळ म्हटले. आम्ही त्या कामाचे गोडवे गात नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले, कारण ते गुलामीचे लक्षण होते. आमचे म्हणणे एवढेच की हात ज्यांचे होते त्यांना अक्षर नाकारले आणि अक्षर ज्यांच्याकडे होते त्यांनी हात आखडता घेतला. यात देशाचे नुकसान झाले.

१८३६ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले. ते वैद्य जातीचे, संस्कृत कॉलेजात आयुर्वेद शिकवलेले. त्यांचे धाडस मोठेच होते. त्या दिवशी फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी झाली, अशीही कथा सांगतात. पण या कथेत टेबलावरच्या देहाचे नाव नाही.

इंग्रजांची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. १८३२ च्या अॅनाटॉमी कायद्याने इंग्लंडमध्ये गरीबखान्यांत आणि इस्पितळांत मेलेल्या, कोणी दावा न केलेल्या माणसांचे देह विद्यार्थ्यांना मिळू लागले. ज्यांना अंत्यविधीचा खर्च झेपत नव्हता त्यांचेच हे देह. १८५८ साली लंडनमध्ये हेन्री ग्रे यांचा प्रसिद्ध शरीररचनेचा ग्रंथ निघाला, त्याच्या मागे हेच गरीब आहेत. त्यातली ३६३ चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच वर्षी हिंदुस्थानात आले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. जगभरच्या विद्यार्थ्यांनी ज्या चित्रांवरून हाडे-स्नायू ओळखले, त्यांचा चित्रकार आपल्या मुंबईत शिकवत होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई अॅनाटॉमी कायदा झाला. त्यानेही बेवारस देह वैद्यकीय संस्थांकडे देण्याची सोय केली. बेवारस कोण असतो? फूटपाथवर मरणारा, गाव सोडून शहरात आलेला मजूर, इस्पितळातून ज्याला न्यायला कोणी आले नाही तो. मनूचा श्लोक गेला, कायद्याचे कलम आले, पण टेबलावर देह बहुतांशी त्याच थरातले राहिले. दुसरीकडे भारतातून मानवी सांगाडे परदेशी विद्यार्थ्यांसाठी निर्यात होत होते. ती निर्यात १९८५ साली सरकारने बंद केली. कलकत्ता या व्यापाराचे मोठे केंद्र होते.

हाडांचा वापर जात सिद्ध करण्यासाठीही झाला. रिस्ले यांनी नाकांची मापे घेऊन जातींची वांशिक उतरंड मांडली. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात घुर्ये यांनी दिलेली मापेच पुढे ठेवली आणि दाखवले की हे मापनशास्त्र खरे मानायचे तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. प्रतिपक्षाचे शास्त्र नीट शिकून त्याच्याच आकड्यांनी त्याला उत्तर द्यायचे, हा बाबासाहेबांचा मार्ग आहे.

आणि आज? अनेक सरकारी शवागारांत प्रत्यक्ष चिरण्याचे काम सफाई कामगार करतो, डॉक्टर बाजूला उभा राहून निष्कर्ष लिहितो. त्या कामगाराला ना प्रशिक्षण, ना पद, ना मान. बंगालमध्ये शवागारातल्या कामगाराला आजही त्याच्या जातीच्या नावाने 'डोम' म्हणतात. २०२१ साली कलकत्त्याच्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या अशाच सहा जागांसाठी हजारो अर्ज आले, त्यांत पदवीधर आणि इंजिनिअरही होते. बेकारीने विटाळाची भिंत ओलांडली, पण कामाचे नाव जातीचेच राहिले.

म्हणून वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या भावंडांना आमचे तीन शब्दांत सांगणे आहे: शिका, विचारा, बदला. हाडे-स्नायू असे शिका की व्हायवाला कोणाची मान वर होऊ नये. तुमच्या टेबलावरचा देह कोणत्या मार्गाने आला, हे विभागात विचारा. शवागारातल्या कामगाराला प्रशिक्षण, सुरक्षा साधने आणि जातीशिवायचे पदनाम मिळावे म्हणून निवेदन द्या. आणि आपल्या वस्त्यांतून, सुखवस्तू घरांतूनही, देहदानाचे अर्ज भरून घ्या. डिसेक्शन हॉलचा भार फक्त बेवारसांनी का वाहावा? बुद्धाने भिक्षूंना शरीर केस, त्वचा, मांस, हाड असे भाग पाडून न्याहाळायला शिकवले. त्या न्याहाळण्यात वर्ण कुठेच सापडत नाही.

टोमणा मारणाऱ्याला एवढेच सांगा: या शास्त्राच्या टेबलावर आमची माणसे शतकानुशतके होती. आता आम्ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे आहोत, आणि तिथून हलणार नाही.

जय भीम!