माडांची रेषा आणि मनोऱ्यांची रेषा

शहर दुरून पाहूं जावें तर झाडें आड येतात, आणि झाडें तोडून टाकावीं तर पाहण्याजोगें शहरच उरत नाहीं. हा पेंच आजकालचा नव्हे. मनोरे, घुमट व शिखरें यांची आकाशावर उमटणारी रेषा हें जसें शहराचें वैभव, तसेंच रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले वृक्ष हेंहि त्याचें वैभवच. एकानें दुसऱ्याला झांकूं नये आणि एकासाठीं दुसऱ्याचा बळी जाऊं नये, हें साधणें मात्र सोपें नाहीं. मुंबई शहरापुढें हा प्रश्न गेल्या पावणेतीनशें वर्षांत निरनिराळ्या रूपांनीं उभा राहिला. त्या इतिहासाकडे नजर टाकली म्हणजे आजच्या पुष्कळशा वादांचा उलगडा होतो.

मुंबईचें चित्र काढावयास बसलेला आजचा विद्यार्थी प्रथम उंच इमारती काढील. जुन्या मुंबईची ओळख मात्र तिच्या झाडांत होती, आणि त्याची साक्ष वस्त्यांच्या नांवांतून अजून मिळते. ताडदेव, वडाळें, चिंचपोकळी, फणसवाडी हीं नांवें उच्चारतांच तें तें झाड डोळ्यांपुढें उभें राहतें. उमरखाडीचें नांव उंबरावरून व परळाचें नांव पाडळीच्या झाडावरून पडलें, असें जुने अभ्यासक सांगतात. भेंडीबाजाराच्या नांवाविषयीं मतभेद असले, तरी तें भेंडीच्या झाडांवरून आलें हें मत प्रचलित आहे. गिरगांवापासून माहीमपर्यंत माडांच्या वाड्या पसरल्या होत्या. माडाच्या नारळावर व माडीवर कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चाले; भंडारी समाजाचा तर तो पिढीजात धंदा. वाडी म्हणजे आधीं बाग आणि मग वस्ती, हा क्रम गिरगांवांतील वाड्यांनीं आपल्या नांवांत जपून ठेवला आहे. कोटाचा भाग सोडला, तर समुद्रावरून येणाऱ्या खलाशाला जी मुंबई दिसे ती माडांच्या झावळ्यांची. तीच तिची पहिली आकाशरेषा.

या रेषेवर पहिली मोठी कुऱ्हाड पडली ती भयापोटीं. कोटाचा तट १७१६ च्या सुमारास पुरा झाला होता. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, तेव्हां मुंबईच्या इंग्रजांना तो तट अपुरा वाटूं लागला. तटाभोंवतीं खंदक खणण्याचें ठरलें, आणि त्या कामीं गांवच्या व्यापाऱ्यांनींहि पैसा दिला. पुढें फ्रेंचांचें भय निर्माण झालें. खंदकापलीकडे शत्रूला लपावयास झाड, घर किंवा भिंत कांहींच मिळूं नये, आणि तटावरील तोफांना समोरचा प्रदेश स्वच्छ दिसावा, यासाठीं तटाबाहेरचा पट्टा मोकळा करण्यांत आला. माड तुटले, घरें पडलीं, आणि तेथें राहणाऱ्यांना उत्तरेकडे सरकावें लागलें. प्रथम ही मोकळी जागा ४०० यार्डांची होती. १८०३ च्या फेब्रुवारींत कोटांत मोठी आग लागून पुष्कळ वस्ती जळाली; त्यानंतर ती ८०० यार्डांपर्यंत वाढविण्यांत आली. इंग्रज तिला एस्प्लनेड म्हणत. मुंबईकरांच्या तोंडीं तें 'मैदान' झालें. तेथें पक्कें बांधकाम करण्यास बंदी होती. कोरड्या ऋतूंत गोरे लोक तंबू व तात्पुरते बंगले उभारीत आणि पावसाळ्यापूर्वीं ते काढून घेत.

शहराला दूरवर नजर टाकतां येईल अशी जागा या रीतीनें प्रथम मिळाली ती तोफेच्या नजरेसाठीं. त्या नजरेची किंमत ज्यांनीं दिली, त्या वाडीवाल्यांना तिचा लाभ कांहींच नव्हता. पुढें मात्र तोफा गेल्या आणि मोकळीक राहिली.

१८६२ सालीं सर बार्टल फ्रियर मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि निरुपयोगी ठरलेला तट त्यांच्या कारकीर्दींत पाडण्यांत आला. गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालीं प्रसिद्ध झालें, तें नेमकें या संधिकाळांतलें. एक शहर जात होतें आणि दुसरें येत होतें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाच्या व्यापारांत मुंबईंत पैशाचा पूर आला होता. १८६५ सालीं तो ओसरला व अनेक पेढ्या बुडाल्या. तरीहि योजलेल्या इमारती उभ्या राहिल्या. पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेनें तोंड करून, एका ओळींत सेक्रेटरिएट व विद्यापीठाचें पदवीदान सभागृह १८७४ सालीं, आणि विद्यापीठाचें ग्रंथालय, राजाबाई मनोरा व हायकोर्ट १८७८ सालीं पुरीं झालीं. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून उभा राहिलेला व त्यांच्या मातोश्रींचें नांव धारण करणारा हा मनोरा २८० फूट उंच. तेवढी उंच इमारत त्या काळीं मुंबईंत दुसरी नव्हती. झावळ्यांच्या रेषेच्या जागीं दगडी शिखरांची रेषा आली. मलबार टेंकडीवरून पाहणाऱ्याला ती समुद्राच्या पलीकडे सलग दिसे.

या इमारतींपुढें झाडें असावींत कीं नसावींत, या प्रश्नाचें उत्तर मुंबईच्या मैदानांनींच देऊन ठेवलें आहे. जुन्या एस्प्लनेडचे रस्त्यांनीं तुकडे पडले आणि ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान व कूपरेज हीं मैदानें झालीं. यांतील ओव्हलचें उदाहरण पाहावें. सुमारें २२ एकरांच्या या मैदानाचा मध्य मोकळा आहे. मुलें तेथें क्रिकेट खेळतात. झाडें आहेत तीं कडेला. त्यांत ताडाच्या जातीचीं उंच झाडेंहि आहेत. अशा झाडाचा बुंधा खांबासारखा सरळ, त्याला आडव्या फांद्या नाहींत, आणि पानांचा झुबका अगदीं शेंड्यावर. त्याच्या दोन बुंध्यांमधून हायकोर्टाचीं कमानदार सज्जे व राजाबाईचा मनोरा जणूं चौकटींत बसविल्यासारखे दिसतात. सावली द्यावयाची तर ती रस्त्यावर घनदाट वृक्षांनीं द्यावी, आणि दृष्टि मोकळी ठेवावयाची तर ती मैदानावर, असा हा सरळ हिशेब आहे. १९९० नंतरच्या दशकांत या मैदानाची अवस्था फार वाईट झाली होती. तेव्हां शेजारच्या रहिवाशांच्या संस्थेनें पुढाकार घेऊन तें पुन्हां नीटनेटकें केलें. मोकळी जागा नुसती मोकळी ठेवून भागत नाहीं, तिलाहि राखणदार लागतो, हें त्यावरून दिसून आलें.

टेंकडीचा न्याय मैदानाहून वेगळा. उतारावरील झाडें मुळांनीं माती धरून ठेवतात. तेथें दृश्यासाठीं सरसकट तोड करणें म्हणजे पावसाळ्यांत दरड अंगावर घेणें. मलबार टेंकडीच्या माथ्यावर जलाशयावर १८८१ च्या सुमारास बाग झाली. तिला लोक हँगिंग गार्डन म्हणतात. समोरचें कमला नेहरू उद्यान १९५२ सालचें. त्या उद्यानाच्या कडेवरून गिरगांव चौपाटी व मरीन ड्राइव्हची कमान दिसते, आणि रात्रीं दिव्यांच्या त्या माळेला 'राणीचा रत्नहार' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. खालच्या उतारावर दाट झाडी, आणि माथ्यावर उभें राहून पाहण्याची जागा, अशी ही व्यवस्था आहे. झाडांच्या शेंड्यांवरून नजर जाते. त्यांच्या मुळावर घाव घालावा लागत नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. शिखरांची ती दगडी ओळ समुद्राकडे तोंड करून बांधली होती, हें वर सांगितलेंच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बॅकबेंत भर घालून समुद्र मागें हटविण्यांत आला, आणि १९३० नंतर ओव्हलच्या पश्चिमेस व मरीन ड्राइव्हवर आर्ट डेको पद्धतीच्या इमारतींच्या रांगा झाल्या. त्या इमारती देखण्या आहेत, बेताच्या उंचीच्या आहेत, हें खरें. २०१८ सालीं ओव्हलच्या दोन्हीं बाजूंच्या या वास्तुसमूहाला युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें, तेंहि योग्यच. परंतु राजाबाई मनोरा व समुद्र यांच्यामध्यें कायमचा पडदा उभा राहिला तो त्यांच्यामुळें. आणि पुढें नरिमन पॉइंटच्या उंच इमारतींनीं मनोऱ्याचें उंचीचें मानहि हिरावून घेतलें. झाडानें झांकलेलें दृश्य फांदी उचलली कीं पुन्हां उघडतें, पानगळींत आपोआप उघडतें. इमारतीनें झांकलेलें उघडत नाहीं. असें असूनहि दृश्याची तक्रार करावयाची झाली म्हणजे लोक बोट दाखवितात तें झाडाकडे!

लंडनजवळ रिचमंड येथील राजोद्यानांत एक उंचवटा आहे. त्याला किंग हेन्रीज माउंड असें नांव आहे. तेथून सेंट पॉल्स प्रार्थनामंदिराचा घुमट सुमारें १० मैलांवर दिसतो. मधल्या दाट झाडींतून एक अरुंद पट्टा मोकळा राखलेला असून, जवळच्या कुंपणांतहि एक झरोका ठेवलेला आहे. बाकीची वनराई जशीच्या तशी. हें दृश्य राखण्यासाठीं लंडनमध्यें बांधकामाचे नियमहि केलेले आहेत. तरीसुद्धां २०१६ मध्यें स्ट्रॅटफर्ड भागांत उठलेली एक उत्तुंग इमारत नेमकी घुमटाच्या पाठीशीं दिसूं लागली, आणि मोठा गहजब झाला. पिढ्यान् पिढ्या झाडांनीं जें राखलें, तें एका इमारतीनें बिघडविलें.

झाड राखून दृश्य कसें मोकळें करावें, याचें शास्त्र कांहीं गूढ नाहीं. खालच्या मोजक्या फांद्या जाणत्या हातानें काढल्या, तर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर वाट मोकळी होते व झाडाला बाध येत नाहीं. दाट पसाऱ्यांतून थोड्या फांद्या विरळ केल्या, तर वाराहि खेळतो. मात्र शेंडाच छाटला, तर जखमेंतून कूज शिरते, आणि त्या जागीं फुटणारे धुमारे कच्चे असल्यामुळें वादळांत तेच आधीं मोडतात. म्हणजे दृश्यासाठीं शेंडा छाटणाऱ्याच्या पदरीं ना झाड पडतें, ना दृश्य. लावतांनाच विचार केला, तर छाटण्याची वेळहि येत नाहीं. मनोऱ्यासमोर सरळ बुंध्याचें झाड, चालण्याच्या रस्त्यावर छत्रीसारखें पसरणारें झाड आणि कुंपणाशीं ठेंगणें झाड लावावें, एवढा विवेक पुरे होतो.

आज खरें संकट आहे तें निराळेंच. महाराष्ट्रांत नागरी भागांतील झाडांच्या रक्षणाचा कायदा १९७५ सालीं झाला. परवानगीवांचून झाड तोडणें हा गुन्हा ठरला. २०२१ च्या दुरुस्तीनें ५० वर्षांवरील झाडांना वारसावृक्ष मानलें, आणि तोडलेल्या झाडाचें वय जितकें, तितकीं नवीं झाडें लावण्याचें बंधन घातलें. असें असूनहि मोठ्या रस्त्यांवर जाहिरातींचे फलक दिसावेत म्हणून झाडांच्या बुंध्यांना छिद्रें पाडून विष घालण्याचे प्रकार मुंबईंत वारंवार उघडकीस आले. १३ मे २०२४ रोजीं घाटकोपर येथें एक प्रचंड फलक वादळांत कोसळून १७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या फलकाच्या परिसरांतील झाडें मारलीं गेल्याच्या तक्रारी त्यापूर्वींच झाल्या होत्या. दृष्टीसाठीं झाड मारण्याचा हा मार्ग कोठवर नेतो, हें त्या दिवशीं शहरानें पाहिलें.

याच्या उलट २०२५ सालच्या गुढीपाडव्याला मलबार टेंकडीवर एक लाकडी उन्नत मार्ग लोकांसाठीं खुला झाला. सुमारें ४८५ मीटर लांबीचा हा मार्ग खांबांवरून, झाडांच्या गर्दींतून वळणें घेत जातो, आणि एके ठिकाणीं गिरगांव चौपाटीचा देखावा पुढें उलगडतो. झाडांत शिरून शहर पाहावयाचें, अशी त्याची कल्पना. तिकीट काढून कोणीहि तेथें जाऊं शकतो.

झाड आणि दृश्य यांचा वाद उपस्थित झाला म्हणजे एक प्रश्न प्रथम विचारावा: हें दृश्य कोणाच्या डोळ्यांसाठीं आहे? तोफेसाठीं माड तुटले तेव्हां उत्तर होतें, राज्यकर्त्यांसाठीं. फलकासाठीं झाड मरतें तेव्हां उत्तर असतें, विक्रेत्यासाठीं. एखाद्या सदनिकेच्या खिडकींतून समुद्र दिसावा म्हणून फांदी तुटते, तेव्हां उत्तर असतें, एका घरासाठीं. मैदानावर खेळणारा मुलगा, बांकावर बसलेला वृद्ध आणि गाडी चुकलेला कारकून या सर्वांना राजाबाईचा मनोरा दिसावा, यासाठीं एखादी फांदी उचलावी लागली, तर झाडाचीहि तक्रार नसावी. जें दृश्य सर्वांचें, त्यासाठीं झाडानें थोडें बाजूला व्हावें. जें एकट्याचें, त्यानें झाडाच्या सावलींत उभें राहून जेवढें दिसेल तेवढ्यावर समाधान मानावें.