आधी कुलूप, मग कोठार

जनगणना आली की आम्हा शिक्षकांना घरोघरी जावं लागे. १९८१ साली नांदगावात फिरताना लोक हमखास विचारत, "गुरुजी, हे दुसऱ्या कोणाला कळणार नाही ना?" आम्ही छातीठोकपणे "नाही" म्हणत असू, कारण पाठीशी कायदा होता.

स्वतंत्र भारताची पहिली जनगणना १९५१ ची, आणि जनगणना कायदा १९४८ चा. म्हणजे कुलूप आधी तयार झालं. कलम १५ प्रमाणे प्रगणकाने भरलेली नोंद पाहण्याचा हक्क कोणालाच नाही. जमिनीच्या दाव्यात ती पुरावा म्हणूनही चालत नाही. माहिती फोडणाऱ्या प्रगणकाला शिक्षा आहे. बाहेर येतात ते फक्त एकूण आकडे.

आधारचं मात्र उलटं झालं. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिलं गेलं. कायदा आला २०१६ साली. तोवर कोट्यवधी लोकांचे बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या नोंदी जमा झाल्या होत्या. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं ते ऑगस्ट २०१७ मध्ये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा तर २०२३ चा.

आधारमुळे सोय झाली, हे मान्यच. पण जो माणूस अंगठा लावून रेशन घेतो, त्याने "हे कोण कोण बघणार?" असं विचारलं, तर दुकानदार काय सांगणार?

२०२७ ची जनगणना मोबाइलवर घ्यायचं ठरलं आहे. दारात येणाऱ्या गुरुजी-बाईंना कलम १५ जरूर विचारा. त्यांना ते सांगता आलं पाहिजे.